काचघरातला नियम

७ मार्च, शनिवार

पुन्हा ते फुलपाखरांचं काचघर! पास ह्यांनी काढला — आईच्या वाढदिवसाची भेट म्हणे — आणि घाम गाळायचा मी. दर शनिवारी. आत गरम पाणी सोडून कोंडलेल्या बाथरूमसारखी हवा. चष्म्यावर वाफ. सासूबाई ऐटीत पुढे, मी मागे चाचपडत.

निघताना त्यांच्या खांद्यावर एक निळं फुलपाखरू बसलं. दारावरची बाई म्हणाली, "झटकायचं नाही. हात लावायचा नाही. उडेपर्यंत बाकावर बसा, मगच दार उघडेन." नियम आहे. बसलो. उडेना! कामावर, दवाखान्यात उशिरा पोचले. दातांच्या डॉक्टरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

१० मार्च

ह्यांना म्हटलं, एकदा तुम्ही घेऊन जा. "तुमचं दोघींचं छान जमतं गं." डोंबल जमतं!

धाकट्या दिरांचा फोन. महिनाअखेरीला आईला घेऊन जातो, आता कायमची आमच्याकडेच. सासूबाई "बरं" म्हणाल्या, एवढंच. मी मनातल्या मनात उड्या मारल्या. खोटं कशाला लिहू?

१४ मार्च, शनिवार

आज दोन बसली! त्याच खांद्यावर! एवढ्या माणसांत ह्याच बऱ्या सापडतात.

बाकावर त्यांनी सासऱ्यांची गोष्ट सांगितली. पट्टीचे पोहणारे म्हणून लग्न जमवलं आणि पहिल्याच सहलीत गुडघाभर पाण्यात "वाचवा" म्हणून ओरडले. खूप हसले मी. मग घड्याळ पाहिलं आणि परत डोकं फिरलं.

१५ मार्च

त्यांची शाल धुवायला घेतली. खांद्यावर चिकट, काळपट डाग. हुंगून पाहिलं — केळं! काचघरात फुलपाखरांना बशीत पिकलेलं केळंच तर ठेवतात. आणि दर शनिवारी टोपलीतलं एक केळं कमी होतं म्हणून मी ह्यांच्यावर ओरडत होते!

शाल घेऊन तरातरा गेले. "आई, हे काय?"

ओशाळल्या. "अगं, घरी तू सगळं उभ्या उभ्या बोलतेस. तिथं बसतेस तरी. ते उडेपर्यंत."

शाल भिजत घातली.

२१ मार्च

डॉक्टरांनी आज सकाळीच कामावर बोलावलं. गेलो नाही. सासूबाई बॅग भरताहेत. टोपलीतली केळी तशीच आहेत. ह्यांना म्हटलं, खा की मेली एकदाची! उगाच ओरडले.

२८ मार्च, शनिवार

दीर दुपारी न्यायला येणार होते. सकाळी काचघरात गेलो. शाल स्वच्छ धुतलेली. केळं आज मी नेलं, माझ्याच बाहीला चोळलं. सासूबाई बघत राहिल्या. एक येऊन बसलं.

बाकावरून दिरांना फोन केला. "भाऊजी, निघू नका. इथं फुलपाखरू बसलंय, हलता येत नाही. नियम आहे."

"मग कधी येऊ?"

"उडालं की कळवते."

ते केव्हाच उडून गेलं होतं.