मुळाक्षरांची चादर आणि तिची रॉयल्टी

सोलापूर, १४ फेब्रुवारी १९३४

रा. रा. एकनाथभावोजी यांस यशोदावहिनीचे आशीर्वाद.

खोकला गेला असेलच. नसेल तर दोष काढ्याचा नाही, न घेणाऱ्याचा. तुमच्या मालतीचे पापड पोचले. निम्मे अखंड होते.

पत्राचे कारण आभार. (असे मी क्वचित लिहिते, जपून ठेवा.) तुम्ही कंपनीचे हिशेब सांभाळता, म्हणून गणपतीत बजावले होतेत की, रॉयल्टी माल विकल्यावर धरायची, दुकानात पोचल्यावर नव्हे. मी कॉलेजात शिकलेली. ऐकते कशाला?

मुळाक्षरांचा नक्षा मी काढला आणि सोमलिंग कारखानदारांनी तो चादरीवर विणला. विकलेल्या दर चादरीमागे मला एक आणा. (माझ्या वर्गाला येणाऱ्या गिरणीतल्या बायकांना अंथरुणातही अक्षरे दिसावीत, हा हेतू.) त्यांनी तीनशे चादरी दुकानदारांना जाकड दिल्या, म्हणजे खपल्या तर पैसे, नाहीतर माल परत. वहीत मात्र सगळ्या ‘विकल्या’ लिहून पावणेएकोणीस रुपये माझ्या हातावर ठेवले. मी त्याच दिवशी वर्गाच्या खोलीचे सहा महिन्यांचे भाडे भरले. उरलेल्याचे खडू आणले.

संक्रांतीनंतर दोनशे साठ चादरी परत! वळसंगच्या मायाक्काने तर चादरीला हळदकुंकू वाहिले आणि स्वतः कुडकुडत झोपली. आमच्या वर्गातल्या बजाबाईने तोंडावर ऐकवले, “बाई, पाटीला पाय लागला तर तुमीच पाया पडायला लावता की! मग रातभर सरस्वतीवर लाथा झाडायच्या व्हय?”

जास्तीचे सव्वासोळा रुपये फेडायला पाटली घेऊन गेले, तर सोमलिंगांनी हात जोडले. “चूक माझ्या वहीची हाय, बाई. पुढच्या खपातनं वळते करू की.” माणूस सोन्याचा. पण त्या दोनशे साठ खपेपर्यंत मला दिडकी नाही, आणि भाडे महिनाअखेर संपते.

तुमचे म्हणणे खरे होते. पुन्हा एकवार आभार.

यशोदा

ता. क. बजाबाईने आपली चादर भिंतीवर टांगली आहे. तिथे पाय पोचत नाही. पुण्यातल्या शाळांना भिंती असतातच. दोनशे साठ चादरी काल रेल्वेने तुमच्या पत्त्यावर निघाल्या. हमाली तिकडे द्यावी. माल जाकड आहे, मात्र परत घेतला जाणार नाही.

ता. क. २. खोलीच्या पुढच्या तीन महिन्यांच्या भाड्याचे नऊ रुपये मनीऑर्डरने पाठवा. ते वहीत कोणत्या खात्याखाली लिहायचे, हे तुम्हीच जाणता.

ता. क. ३. खालची वाकडी सही बजाबाईची. दिवाळीपर्यंत ती अंगठा उठवीत असे.

बजाबाई