जावयाला अडवायचं कोणी?

वलगाव,
धोंड्याचा महिना, सोमवार

श्रीयुत व्याहीबुवा खुशालराव, मुक्काम जठारपेठ, अकोला, यांच्या सेवेशी वलगावहून पुंजाजीचा रामराम पोचावा. विहीणबाई माणिकबाईंनाही तितकाच. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्या कंबरेचं काय म्हणणं आहे ते कळवावं. (आचलला विचारलं तर ती नुसती हसते. सासऱ्याच्या दुखण्यावर हसणं बरं नव्हे, हे तिला मी सांगितलं आहे.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्ही स्पीकर लावता आणि माझं अर्धं बोलून होण्याआधी विहीणबाई निकाल देऊन मोकळ्या होतात. पत्रात कोणाला मध्ये बोलता येत नाही. मुलीच्या बापाला एवढी तरी सोय असावी.

तर विषय कालच्या फुटबॉल फायनलचा. जठारपेठ दोन, वलगाव एक, हे तुम्हाला कळलंच असेल. कंबरेमुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून खरं काय घडलं ते मी सांगतो. तुमची पोरं सांगतील त्यातलं निम्मं सोडून द्यावं. निवड समितीचा अध्यक्ष मीच आहे (चेंडू आमच्या घरी असतो), त्यामुळे आठवडाभर चहाच्या टपरीवर माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. मागे चार ठेवायचे की पाच, यावरून दोघा सख्ख्या भावांनी बोलणं टाकलं. कॉर्नर कोणी घ्यायचा यावर तर ज्यांनी जन्मात फक्त बैल हाकलले तेही मत देऊन गेले. पण खरा पेच होता तुमच्या चिरंजीवांचा. अमोलराव तुमचे सेंटर फॉरवर्ड, पण आमचे जावई. एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई, त्यात महिना धोंड्याचा. सकाळी ज्याला विष्णूच्या जागी मानून पाटावर बसवायचं, अनारशांचं वाण द्यायचं, त्यालाच संध्याकाळी आडवं पाडायचं? टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने तर पोरांना दमच भरला, “जावयाले पाय लावून पाप कोठी फेडसान रे?” झालं! आमचा सगळा डिफेन्स तिथेच खचला.

मी अनुभवी माणूस. मी तोड काढली. आमच्या सौ. दुर्गाबाईला म्हटलं, धोंड्याचं जेवण फायनलच्याच दिवशी ठेव, आणि हात आखडू नकोस. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आंब्याचा रस, पुन्हा धोंडे. माणूस जागचा हलणार नाही, अशी व्यवस्था. पण जावई एकटा जेवत नाही, त्याच्या सोबतीला पंगत बसवावी लागते, हे मी विसरलो. सोबतीला कोण बसलं? आमचे दोन्ही बॅक, गोली शेखर आणि आमचा बंडू. अमोलराव ‘पुरे, पुरे’ म्हणत बेताने जेवले. आमच्यांना ‘पुरे’ हा शब्द कोणी शिकवलाच नव्हता. संध्याकाळी मैदानावर आमचा डिफेन्स उभा होता, एवढंच म्हणता येईल.

पहिला गोल असा झाला. अमोलराव चेंडू घेऊन निघाले, आमचा डावा बॅक आडवा गेला आणि खरं सांगतो, त्याने चेंडू स्वच्छ काढून घेतला होता. पण काढताना त्याचा पाय जावयाच्या पायाला लागला. पोरगा संस्कारी. चेंडू तिथेच टाकून तो खाली वाकला, जावयाच्या बुटाला हात लावला आणि तो छातीशी नेऊन नमस्कार केला. तुमच्या चिरंजीवांनी (आशीर्वाद द्यायचा सोडून) चेंडू पायाशी घेतला आणि गोल केला. पुढे आमच्या एका कॉर्नरला अमोलराव मदतीला मागे आले आणि त्यांच्याच डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळीत गेला. साऱ्या गावाने टाळ्या वाजवल्या. सासुरवाडीला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही तुमच्या घरची शिकवण आहे, यात शंका नाही.

बरोबरी झाल्यावर मी अध्यक्षाच्या अधिकारात बाहेरून ओरडलो, की जावयाला आता बंडूच धरेल. साळ्याला थट्टेचा हक्क असतो, त्याला पाप लागत नाही. बंडूने ते फारच मनावर घेतलं. तुमच्या कॉर्नरच्या वेळी त्याने गोलासमोर अमोलरावांचा कान धरला आणि लग्नात पिळला होता तसा पिळला. शिट्टी! पेनल्टी! बंडू पंचाशी भांडला, की कानपिळी हा नवरीच्या भावाचा मान आहे. पंचही लग्न झालेला, समजूतदार माणूस. तो म्हणाला, “मान मांडवात, भाऊ. इथं पेनल्टीच भेटते.”

आता मुद्द्याचं. शेखर किक बसायच्या आधीच डावीकडे झुकतो, हे जगात फक्त आमच्या घरी माहीत होतं. आचलला, कारण लग्नाआधी रोज ती याच मैदानावर त्याच्यावर फ्री किक मारायची. आणि मला, कारण चेंडू मी आणून द्यायचो. पेनल्टीला अमोलरावांनी चेंडू ठेवला आणि बायांच्या बाजूला एकदा पाहिलं. तिथे आमची लेक बसली होती. तिने तुमच्या-माझ्या नातवाला डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं. चेंडू उजवीकडे, शेखर डावीकडे, कप अकोल्याला. एवढंसं लेकरू, दात नाहीत तोंडात, आणि घरभेदी झालं!

रात्रीच्या जेवणाला मी आचलला म्हटलं, तू नेमकी कोणाच्या बाजूची? ती ताट वाढता वाढता म्हणाली, “बाबा, तुमीच तं सांगतलं होतं, आता तेच तुयं घर हाय म्हणून.” दुर्गाबाईने माझ्या ताटात आणखी एक धोंडा वाढला, म्हणजे मी गप्प बसावं.

पण आज दिवेलागणीची गोष्ट ऐका. मैदान रिकामं होतं. आचलने लेकरू माझ्याकडे दिलं, ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या आणि कॉर्नरला चेंडू ठेवला. गोलात शेखर. चेंडू वर गेला, वळला, दूरच्या खांबाला लागला आणि आत. शेखर जागचा हलला नाही (या वेळी धोंड्यांचा दोष नव्हता). व्याहीबुवा, मला फार बरं वाटलं. हरल्याचं दुःखच गेलं. आणि मग वाईट वाटलं, की असा पाय लग्नापासून नुसता घरात बसून आहे. बाकी सर्व ठीक. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, अमोलरावांच्या कानाला लोणी लावावे.

आपला,
पुंजाजी

ता. क. : खरं काम राहिलंच. पुढल्या महिन्यात चांदूर रेल्वेला महिलांचे सामने आहेत. वलगावच्या पोरींची टीम झाली आहे, पण कॉर्नर घेणारं कोणी नाही. तेवढ्यापुरतं आचलला माहेरी राहू द्यावं, ही हात जोडून विनंती. दुर्गाबाई म्हणत होती, माझ्या गुडघ्यांचं निमित्त सांगा. पण व्याह्याशी खोटं बोलवत नाही. सुनेने मैदानात धावणं तुम्हाला रुचेल का, या काळजीने वरची सगळी पानं लिहिली, हेही कबूल करतो.

आणखी ता. क. : पाकिटावर पत्ता घालायला पत्र आचलकडे दिलं होतं. तिने सगळं वाचलं आणि पोट धरून हसली. म्हणाली, “बाबा, परवानगी कायले मांगता? मामाजीच तं रोज गोलात उभे रायतात माह्यासमोर.” तिला बूट तुम्ही आणलेत, तिचं नाव जठारपेठच्या टीममध्ये तुम्ही घातलंत, आणि कंबर तिची फ्री किक अडवताना गेली, हे मला आज कळतंय! मी थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो. पोरगी चांगल्या घरी पडली, खुशालराव. पण चांदूरला तुमचा पहिला सामना आमच्याशीच आहे, आणि आमच्याकडे अजून कॉर्नर घेणारं कोणी नाही.

शेवटचं : त्या दिवशी मी कॉर्नरच्या झेंड्याजवळ बसणार आहे. तिथून माणूस कोणाच्या बाजूचा ते कोणाला कळत नाही. तुमच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची सांगून ठेवतो. कंबरेला पट्टा बांधून यावं. नातवाला मात्र कोणीही खांद्यावर घ्यायचं नाही. त्याला आपण दोघांच्या मध्ये खाली बसवू.