साखळीवरचं स्टिअरिंग

धाकट्या,

घरी विसरलेला फोन न्यायला परत आलास, तर गाडीची चावी आधी आईच्या हातात दे. गिऱ्हाइकाकडे गाडी पोचवायला पुढे जाऊ नकोस. त्या परदेशी गाडीचं डावीकडचं स्टिअरिंग आपण साखळी लावून उजवीकडे आणलं ना, त्या साखळीच्या जोडाची क्लिप माझ्या चहाच्या बशीत सापडली. हरवू नये म्हणून मीच ठेवली होती! साखळी निसटली तर चाकं वळणार नाहीत. मी स्कूटरवरून तुझ्यामागे घाटाकडे निघालोय.

"बाबा, तुम्ही तर स्टिअरिंग निखळल्यावर नुसत्या पान्यानं ट्रक वळवत घाट उतरला होतात," म्हणून हसू नकोस. ती थाप होती रे. ट्रक दुसऱ्याच वळणावर दरीत गेला. मी उडी मारली. शेजारी बसलेल्या दोस्ताला जमलं नाही.

तुझा थापाड्या बाप