दोन कप्प्यांचा पट्टा

प्रिय अस्मिता,

जय भीम. फोन असताना पप्पांना पत्राची हौस कुठून आली, असं म्हणशील. फोनवर तू मला "हो पप्पा, झालं पप्पा" करून गुंडाळतेस. कागदाला तसं करता येत नाही. कारखान्यात वीज गेलीय, शिलाईच्या मशिनी गप्प आहेत, म्हणून बसलोय लिहायला.

आधी इकडची खबर. तू काढलेला तो फोटो मासिकात आल्यापासून, तोच, ज्यात मोटारसायकलवाला वळणावर इतका कललाय की गुडघा रस्त्याला घासतोय, आईनं हेंद्रेपाड्यातलं एक घर सोडलेलं नाही. खालच्या बारीक अक्षरांतलं तुझं नाव ती बोट ठेवून वाचून दाखवते. समोरच्या सुंदराबाईंनी विचारलं, पोरगी गाडी चालवते काय हो? आई म्हणाली, चालवत नाही, दोनशेच्या स्पीडची गाडी जागच्या जागी थांबवते. मला जन्मात असं सुचलं नसतं. मी आपला उल्हासनगरच्या बाजारात प्रत्येक शेठला मासिक दाखवत फिरतो. आता ते मला लांबून बघूनच म्हणतात, हां साईं, देखा, देखा!

तर तुझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेचं बोलतो. तुला रेसचा पहिला पास मिळाला तेव्हा तू सामानाची यादी वाचलीस आणि मी आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. डबल कॅनव्हास, जाड फोम, नऊ चेनी. जी वस्तू तू बोललीस तिला कप्पा, जी बोलली नाहीस तिलाही कप्पा. वर तळहाताएवढं लेबल, 'अस्मिता बॅग्ज', बाहेरच्या अंगाला. तिथले मोठमोठे फोटोग्राफर बघतील आणि विचारतील, हा माझा हिशेब. बापाचं प्रेम होतंच, पण धंदाही होता, खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात तू घरी आलीस आणि टेबलावर बॅग उघडलीस. मी पेपर वाचत होतो. नवीन चेनीच्या दातांवर मी मेण घासतो, तुला माहीत आहे. रोज उघडली की मेण झिजतं आणि चेन सुळकन पळते. तुझ्या दोन चेनी पळाल्या. बाकीच्या सात चरचरल्या, कालच शिवल्यासारख्या. मी पेपराचं पान उलटलं.

मग तू स्वयंपाकघरात आईशी हळू आवाजात बोललीस. चाळीस वर्षं मशिनींत काढली म्हणून लोकांना वाटतं माझे कान गेलेत. अगं, तिसऱ्या रांगेतली सुई बोथट झाली तर मला इथे बसून कळतं. ऐकलं ते असं: मागच्या रेसला शेवटच्या फेरीत चौथ्या वळणावर दोघांत पुढे जायची चुरस लागली, सगळे फोटोग्राफर तिकडे पळाले आणि तू बॅग सावरत पोचलीस तोवर गाड्या गेल्या होत्या. खांदा दुखतो म्हणालीस. रेसमध्ये धुळीत लेन्स बदलता येत नाही. एका कॅमेऱ्यावर लांबची, दुसऱ्यावर जवळची, दोन्ही अंगावर, बाकी ओझंच, असंही म्हणालीस. आई म्हणाली, मग कशाला नेतेस? तर तू म्हणालीस, कप्पे रिकामे दिसले तर पप्पांना वाईट वाटेल. सांगू नको हं त्यांना.

दोन दिवस मी फुगलो होतो, तुला ते पोट बिघडलंय असं वाटलं. तू गेल्यावर तुझ्या बॅगेआधी नमुना म्हणून शिवलेल्या तसल्याच बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरल्या, तुझ्या सामानाइतक्या वजनाच्या, आणि घरापासून बदलापूर गावाकडे चालत निघालो. अर्ध्या वाटेवर कठड्याला टेकलो. आपल्या गल्लीतला जनूशेठ स्कूटरवरून ओरडला, काय मिलिंदराव, वहिनींनी घराबाहेर काढलं काय! हसायलासुद्धा दम उरला नव्हता. घरी येऊन नुसत्या रिकाम्या बॅगेचं वजन केलं, तेच अडीच किलो भरलं.

सोळाव्या वर्षी लीलारामशेठच्या कारखान्यात धागे कापायला लागलो, तेव्हाची त्याची पहिली शिकवण: मिलिंद, माल भरके, खुद उठाके देख, फिर बेच. त्यावर माझा सगळा धंदा उभा राहिला. हजारो बॅगा भरून उचलून पाहिल्या. आणि स्वतःच्या लेकीची तेवढी रिकामी उचलून, वा काय झाली, म्हणालो.

या पत्राबरोबर कमरेचा पट्टा पाठवतोय. कप्पे दोनच. एकात बॅटऱ्या आणि कार्डं, दुसऱ्यात पावसाचं कव्हर आणि पाण्याची बाटली. तिसरा शिवायला हात शिवशिवत होता, आईनं कापड उचलून नेलं. बक्कल एका हातानं, न बघता उघडतं, मी डोळे मिटून पाहिलंय. भरून, बांधून बदलापूर गावापर्यंत जाऊनही आलो, शेवटी थोडा पळालो. जनूशेठ म्हणाला, आता कंडक्टर झालात वाटतं. रविवारी कोइंबतूरला शेवटची रेस आहे ना, हाच बांध. मोठी बॅग घरी पाठवून दे, माझ्यासाठी वाहू नकोस. तू न्यायचीस म्हणून मला वाईट वाटलं, नेली नाहीस तर वाटणार नाही, एवढंच सांगायला हा सगळा कागद खर्च केला. तू चौथ्या वळणावर सगळ्यांच्या आधी पोच. आणि लेबल शोधू नकोस, यावेळी ते आतल्या बाजूला लावलंय, तुझ्या पाठीकडे.

तुझाच, तुझ्या नावावर धंदा करणारा,
पप्पा