अकरा जणांचा अभिप्राय

प्रिय धाकट्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला मध्येच तोडतोस आणि सगळं हसण्यावारी नेतोस. आईचे गुडघे आता बरे आहेत. तू नगराध्यक्ष झालास हे ती अजून दिसेल त्याला ऐकवते. परवा गॅस आणून देणाऱ्यालाही सोडलं नाही.

माझं काम नेमकं काय, हे तू दर वेळी विचारतोस आणि दर वेळी विसरतोस. आता विसरून चालणार नाही. तुमच्या हद्दीत चौदाशे घरांचा प्रकल्प आला, की त्याचा भार शेजारच्या गावांच्या पाण्यावर, रस्त्यांवर, शाळांवरही पडतो. म्हणून प्रस्ताव आधी आमच्या प्रादेशिक कार्यालयात येतो. यादीतल्या प्रत्येक संस्थेला आम्ही त्याची प्रत पाठवतो, सोबत अभिप्रायाचा छापील फॉर्म. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्या नावापुढे मी ‘हरकत नाही’ लिहिते. मग अहवाल तुमच्याकडे जातो आणि निर्णय तुम्ही घेता.

आता ती यादी. तिच्यात नाव घालायला एक सही लागते, काढायला सात. त्यामुळे कुणी काढायच्या भानगडीत पडत नाही. सत्तेचाळिसावं नाव आपल्या जुन्या वस्तीचं आहे. खाणीवरची जमीन खचून वस्ती रिकामी झाली त्याला एकतीस वर्षं झाली, तरी दर प्रस्तावाची एक प्रत तिच्या नावे निघते. पत्ता वस्तीच्या कचेरीचा, म्हणजे बाबांच्या टेबलाचा. टपालवाला ती पाकिटं तिथल्या कुंपणाच्या तारेत खोचून येतो, हे मला अलीकडे कळलं. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. कचेरीतली दप्तरं घेऊन येतो म्हणून बाबा परत गेले, एवढंच तुला सांगितलं होतं. सापडलेच नाहीत असे एकूण अकरा जण होते. बावीस वर्षं मी त्या वस्तीपुढे ‘हरकत नाही’ लिहीत आले आणि माझा हात कधी अडखळला नाही.

या वेळी उत्तर आलं. मंगळवारी सकाळी, लख्ख उन्हात, इतर टपालाबरोबर. तेवढं एकच पाकीट ओलं होतं. साहेब म्हणाले, “कुणाचा तरी वात्रटपणा, टाका टोपलीत.” शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “अहो, निदान मुदतीत तरी पाठवलंय! पाणीपुरवठ्यावाल्यांना शिकवा म्हणावं.” सगळे हसले, मीही हसले. मग वाचायला घेतलं. सध्याची लोकसंख्या: अकरा. रहदारी: नाही. पाणी: कमरेपर्यंत, काळं. नव्या बांधकामाचा भार: झेपणार नाही, छत डोक्याला टेकलं आहे. अक्षर बाबांचं. त्यांच्याच अक्षरावरून गिरवत मी लिहायला शिकले, तेव्हा ते कुणाचं हे मला कुणी सांगायला नको.

यादीतल्या संस्थेचं मुदतीत आलेलं उत्तर अहवालात घ्यावंच लागतं. मी घेतलं. तेव्हापासून साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

पण तुला लिहितेय ते यासाठी नाही. जागेच्या पाहणीला संस्थेच्या वतीने कोण हजर राहील, असा फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो. तिथे तुझं नाव आहे, पूर्ण, पदासकट. ते पद मिळून तुला अजून चार महिनेही झाले नाहीत. गुरुवारी दहाला बिल्डरची बस तुम्हा सगळ्यांना प्रकल्पाच्या जागेवर, म्हणजे आपल्या जुन्या वस्तीवरच नेणार, हे मला ठाऊक आहे. काल मी फॉर्मची प्रत आईला दाखवली. वाटलं होतं, रडेल. तिने ती दोनदा वाचली, घडी करून उशीखाली ठेवली आणि म्हणाली, “जाऊ दे की त्याला. एवढ्या वर्षांनी बोलावलंय.” तेव्हापासून ती खुशीत आहे, काम करताना गुणगुणते. प्रकल्पाला विरोध करायचा तो सभागृहात बसून कर, वस्तीच्या जागेवर पाऊलही ठेवू नकोस. बुधवारी तिचा फोन येईल. लाडीगोडीने बोलेल, चांगले कपडे घाल म्हणेल, वेळेवर निघ म्हणेल. या एका बाबतीत आईचं ऐकू नकोस.

तुझीच,
ताई