मोटारीची उंची

३ फेब्रु.
कुरुंदा. शेतकरी गटाच्या हळद शिजवायच्या शेडचं डिझाइन एकदाचं झालं. शिजवून उरलेलं कढत पाणी आजवर नालीत जायचं. आता ते कुंडात जमेल, तिथून पंप ते हीट एक्सचेंजरमध्ये ढकलेल. पत्र्याच्या एका बाजूने हे पाणी, दुसऱ्या बाजूने बोअरचं गार. दोन्ही मिसळत नाहीत, ऊब तेवढी इकडून तिकडे. बॉयलरला कोमट पाणी गेलं की जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या कमी लागतील. दोन इंची पाइप, चार बेंड. हिशेब दोनदा तपासला. स्वतःवर खूश आहे.

९ फेब्रु.
पंप बसवायला गोविंदमामा. दुसरं कोण? आसपासच्या विहिरींवरच्या निम्म्या मोटारी त्यांच्या हातच्या. मी हिंगोलीत, व्हॉल्व्ह आणायला. तिथे फोन. "कुठं बसवू गं?" म्हटलं, कुंडाच्या बाजूला, तुमाला बराबर वाटेल तिथं. घाईत होते.

१२ फेब्रु.
चालू केला. गिट्टी दळल्यासारखा आवाज, पाण्याचा पत्ता नाही. सगळा गट बघत उभा.
मामांनी पंप छातीभर उंच ओट्यावर बसवलाय. विहिरीवर ते तसाच बसवतात, पुरात बुडू नये म्हणून. पण इतकं कढत पाणी वर ओढायला गेलं की पाइपातच त्याची वाफ होते. पंप कुंडाच्या खालीच हवा, पाणी आपोआप उतरेल असा.
गटाचे अध्यक्ष शेषरावकाका म्हणाले, "गोविंदाचं वय झालं आता. पुढच्या टायमाला वसमतचा माणूस बोलवू." मामा समोरच होते. पान्हा पुसत राहिले.
मी गप्प.

१३ फेब्रु.
ड्रॉइंग पुन्हा उघडलं. सगळं वरून पाहिल्यासारखं. बाजूचं चित्र नाही, उंची कुठेही लिहिलेली नाही. चूक माझी, शंभर टक्के. आणि मामांनी विचारलं होतं तरी.

१५ फेब्रु.
कुंडाशेजारी खड्डा, सिमेंटचा तळ, पंप खाली. मामा आले नाहीत. पहिल्याच बटणाला चालला. बोअरचं पाणी हाताला छान कोमट. पेढे वाटले. "पोरीनं करून दाखवलं!"
तिथेच शेषरावकाकांना सांगितलं, चूक ड्रॉइंगमध्ये होती, मामांची नाही. हसले. "मामाला झाकून राहिली व्हय? मन चांगलं हाय तुझं." आणखी एक पेढा हातावर ठेवला. तो मी खाल्ला. त्याचाच जास्त राग येतोय.

१७ फेब्रु.
मामांच्या दुकानात गेले. जळालेल्या मोटारीत नवी तार भरत बसले होते. सगळं सांगितलं, फोनचंही.
"त्याच दिशी बोलली असतीस तर बराबर होतं. आता काय बी सांग, लोकं म्हणतील भाची हाय, म्हणून बोलून राहिली."
खरंच आहे.
गटाच्या दुसऱ्या शेडची बैठक उद्या, पंप कुणाकडे द्यायचा तेही ठरेल. म्हटलं, मामा, तुमी या. ड्रॉइंग घेऊन सगळ्यांसमोर सांगते.
"पाहू."
तारेचे वेढे घालत राहिले. मी उठायच्या बेतात. तेवढ्यात, मान वर न करता,
"त्या शेडचं पाणी किती गरम राहील?"
सांगितलं. त्यांनी तो आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवला.