मागे पांढरं हवं

३ मार्च, रविवार, सकाळी
आजपासून नवं आयुष्य. सासऱ्यांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढून जन्म चाललाय. हनुवटी खाली, कान दिसू देत, हसू नका. बस्स झालं. शहराबाहेरच्या ट्रॅकवर दर रविवारी ड्रॅग रेस असते. दोन गाड्या, पाव मैल सरळ रस्ता, निकाल. त्यांचे फोटो काढायचे. सहा महिन्यांत मासिकाचं मुखपृष्ठ, लगेच राजीनामा. मजकूर तयार आहे. जावयाने सासऱ्यांना राजीनामा कसा द्यायचा, एवढंच ठरायचंय.

संध्याकाळी
सुरुवात उत्तम. गाड्या जरा जास्तच वेगात जातात. बहुतेक फोटोंत नुसता रस्ता आलाय. रस्ता मात्र सुरेख.

५ मार्च, मंगळवार
सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, शटर कितीवर ठेवलं होतं? कला त्यांच्या डोक्यावरून जाते. (स्टुडिओतलंच सेटिंग राहिलं होतं.)
दुपारी एक बाळ स्टुलावर बसेना. हातपाय झाडून रडलं. त्याचं मन मला कळलं.

१० मार्च, रविवार
आज सुरुवातीच्या रेषेजवळ. तिथे गाड्या उभ्या असतात, म्हणजे फोटो चुकणारच नाही. पण सुटण्याआधी टायर तापवायला जागच्या जागी चाकं फिरवतात. धूरच धूर. शंभर फोटो धुराचे.
कठडा आणि कुंपण यांच्यामधल्या बोळात उभं राहावं लागतं. शेवटची रेस झाल्याशिवाय फाटक उघडत नाहीत. निघताना दोन कप चहा प्यायला नको होता. पुढच्या वेळी एकच.

१३ मार्च, बुधवार
जेवताना ही म्हणाली, बाबांचे गुडघे गेलेत, पाटीवर आता तुमचं नाव घालायचं म्हणतायत. म्हटलं, घाई काय आहे? ही म्हणाली, पेंटर उद्या येतोय.
मुखपृष्ठ या महिन्यातच व्हायला हवं.

१७ मार्च, रविवार
मिळाला! लाल गाडीवाल्याने हेल्मेट काढून खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि शेजारच्या गाडीने धूर सोडला. घामेजलेला चेहरा, डोळ्यांत भीती, खाली गाडीचं लाल दार, मागे धुराची भिंत. खरंच रडू आलं. चहामुळे नव्हे, आज चहा घेतलाच नव्हता.

१८ मार्च, सोमवार
मोठी प्रिंट काढून सासऱ्यांपुढे ठेवली. भिंग लावून बराच वेळ बघितली. म्हणाले, मागे पांढरं छान आलंय, कानही दोन्ही दिसतायत. गाढवाला गुळाची चव काय!

२१ मार्च, गुरुवार
लाल गाडीवाला आपणहून स्टुडिओत आला. वाटलं, दिवाणखान्यात लावायला मोठी प्रिंट मागणार. तर त्याला पासपोर्ट साइझ हवे होते. रेस भरवणाऱ्या क्लबने सगळ्या ड्रायव्हरांना ओळखपत्र सक्तीचं केलंय. सासऱ्यांनी माझ्यादेखत प्रिंटला कात्री लावून, केवढा चेहरा घ्यायचा ते त्याला दाखवलं. चेहरा काउंटरवर, गाडी कचऱ्यात. तो गेल्यावर गाडी उचलून पाकिटात ठेवली.

२२ मार्च, शुक्रवार
क्लबचं बोलावणं! रविवारी ट्रॅकवर अधिकृत फोटोग्राफर. सासरे स्वतः गुडघे धरत बोलून आले. उगाच त्यांना नावं ठेवली. राजीनामा सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. रविवारी गोड बोलून हातात द्यायचा.

२४ मार्च, रविवार
पोचलो तर सासरे टेम्पो घेऊन आधीच हजर. कठड्यामागे, बोळातच, दोन बांबूंवर आमचा पांढरा पडदा. पुढे स्टूल. बाजूला ताजी पाटी: शाखा दुसरी, खाली माझं नाव. हात दाखवून अवलक्षण.
ड्रायव्हरांची रांग. रेस पडद्यामागे. गाडी गेली की पडदा फुगतो, तो स्थिर होईपर्यंत थांबायचं. लाल गाडी जिंकली म्हणे. तिचा मालक हसतच स्टुलावर येऊन बसला. त्याला सांगितलं, हसू नका.
स्टूल गवतावर डुगडुगत होतं. सासरे म्हणाले, जावईबापू, पायाखाली सारायला एखादा जाडसर कागद आहे का?
खिशात होता, सुवाच्य अक्षरातला. चार घड्या घातल्या. आता डुगडुगत नाही.